कान दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी जीभ का बाहेर काढायला लावली?

पत्र:

डॉक्टर, माझे यजमान ४८ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. चार महिन्यांपासून डाव्या कानाला दडा बसलाय. थेंब झाले, गोळ्या झाल्या, वाफारे झाले. नंतर कानाखाली मानेत गाठ आली, दुखत नाही. सकाळी खाकरून थुंकलं की कधीकधी रक्ताची रेघ दिसते. तालुक्याला गाठीची सुई-तपासणी केली, तर रिपोर्टमध्ये ‘मेटास्टॅटिक कार्सिनोमा’ आलं. शहरातल्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चाळीस मिनिटं तपासलं. कानामागे काटा वाजवला, बोटाकडे बघायला लावलं, गालाला कापूस लावला, जीभ काढायला लावली, खांदे उचलायला लावले. मग नाकात दुर्बीण घातली. म्हणाले, “ठळक गाठ दिसत नाही, पण डावी बाजू भरल्यासारखी वाटते, तुकडा घेऊ.” दीर म्हणतात, हा वेळकाढूपणा आहे, मानेतली गाठ काढून मोकळे व्हा. यांच्या नाकाला तर काहीच त्रास नाही. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात घातलं नाही. मग नाकामागे कर्करोग कसा असेल? केसपेपरचा फोटो पाठवते आहे.

– एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना केसपेपर शेजारी ठेवला होता. ती चाळीस मिनिटं वाया गेलेली नाहीत. अशी तपासणी प्रत्येकाची व्हायला हवी आणि पुष्कळदा होत नाही, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. त्या दिवशी डॉक्टरांनी काय काय केलं आणि का केलं, हे तुम्हाला कळलं तर पुढच्या आठवड्यातल्या बायोप्सीची भीतीही थोडी कमी होईल.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. सुईच्या तपासणीने एवढंच सांगितलंय की मानेतल्या गाठीत कर्करोगाच्या पेशी आहेत आणि त्या दुसरीकडून तिथे आल्या आहेत. मूळ जागा कोणती, हे ती सांगत नाही. तुमच्या डॉक्टरांचा संशय नाकामागच्या पोकळीवर आहे. केसपेपर वाचून मलाही तीच जागा आधी आठवली. पक्कं काय ते तुकडाच सांगेल.

आता ती जागा समजून घ्या. नाकपुडीतून सरळ मागे गेलं, म्हणजे वर कपाळाकडे नाही, आडवं मागे, की पडजिभेच्या वर एक छोटी पोकळी लागते. आ केला तरी ती दिसत नाही, कारण टाळूचा मऊ पडदा आड येतो. या पोकळीच्या दोन्ही भिंतींवर कानाकडे जाणाऱ्या नळीचं एकेक तोंड असतं. आंबोलीचा घाट उतरताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की फट् करून सुटतात, ते या नळीमुळे. नळीच्या तोंडामागे एक उभा उंचवटा असतो आणि त्या उंचवट्याच्या मागे एक खोल खळगा. रोझेनम्युलर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. तुमच्या कागदावर ‘डावा एफओआर भरलेला’ असं लिहिलंय, ते याच खळग्याबद्दल. नाकामागचा कर्करोग बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो.

तुम्ही विचारता, नाकाला त्रास नाही मग नाकामागे आजार कसा. हा खळगा श्वासाच्या वाटेत मधोमध नाही, बाजूला वळणावर आहे. तिथे गाठ बरीच मोठी होईपर्यंत नाक चोंदत नाही की घोळणा फुटत नाही. पण नळीचं तोंड त्याला अगदी खेटून आहे, म्हणून पहिली तक्रार कान करतो. गाठ नळीवर दाबते किंवा नळी उघडणाऱ्या स्नायूत शिरते, मग कानाच्या पडद्यामागची हवा शोषली जाते आणि तिच्या जागी पाणी साठतं. सकाळच्या थुंकीतली रक्ताची रेघसुद्धा त्याच बाजूची साक्ष देते. रात्रभर नाकामागे झिरपलेलं सकाळी खाकरलं की बाहेर येतं. लोक हे हिरड्यांचं किंवा छातीचं रक्त समजतात आणि सांगतच नाहीत. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

कानातल्या या पाण्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. लहान मुलांच्या कानात सर्दीनंतर, ॲडेनॉइडमुळे, म्हणजे नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठींमुळे, पाणी होतंच, त्यात विशेष काही नाही. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी झालं, सर्दीचं कारण नाही आणि ते हटत नाही, तर नाकामागे बघितल्याशिवाय त्या कानाचा उपचार पूर्ण होत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी एकदा चुकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आले होते, उजवा कान बंद. पडद्यामागे पाणी दिसलं, औषधं दिली. परत आले, पुन्हा औषधं दिली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “बाई, सुईत दोरा ओवताना हल्ली दोन सुया दिसतात.” तेव्हा कुठे मी नाकामागे पाहिलं. आजार कवटीच्या तळापर्यंत पोचला होता. माझे दोन महिने त्यांच्या आयुष्यातून गेले. तेव्हापासून चाळिशीपुढचा एका बाजूचा बंद कान आला की मी दुर्बीण घातल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही.

आता काट्याचं. तो ट्यूनिंग फोर्क, साधारणपणे ५१२ हर्ट्झचा वापरतात. तुमच्या कागदावर ‘रिने डावीकडे निगेटिव्ह, वेबर डावीकडे’ असं आहे. कानासमोर धरलेल्या काट्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवलेला काटा डावीकडे मोठा ऐकू आला, हा रिनेचा अर्थ. कपाळाच्या मध्यावर टेकवला तर आवाज डावीकडे सरकला, हा वेबरचा. ऐकू कमी येणाऱ्या कानाकडेच आवाज का सरकावा, असं तुमच्या यजमानांना वाटलं असेल. आवाज आत पोचण्याची वाट तुंबली असेल तर असंच होतं. आतली नस कमजोर असती तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. म्हणजे दोन मिनिटांत, वीजही न वापरता, कानाची नस नाही तर वाट अडलीये हे कळलं. पाणी पुष्कळ कारणांनी होतं, पण शोध कोणत्या दिशेने करायचा ते ठरलं.

मग त्यांनी मागे उभं राहून मान चाचपली असेल. जबड्याच्या कोनापासून, कानामागच्या हाडाखालून, थेट गळपट्टीच्या हाडापर्यंत, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजू एकदम. नाकामागच्या आजाराची गाठ बहुधा कानाच्या पाळीखाली, मानेच्या अगदी वरच्या कोपऱ्यात येते. ती टणक असते, दुखत नाही, सुरुवातीला बोटाखाली सरकते. जागा मधोमध असल्याने दोन्ही बाजूंना गाठी येणं या आजारात नेहमीचं आहे. तुम्हाला डावीकडची ३ सेंटिमीटरची गाठ माहीत होती. त्यांना उजवीकडेही दीड सेंटिमीटरची सापडली आहे. हे वाचून छातीत धस्स झालं असेल. पण ती सापडली हे चांगलंच झालं, कारण गाठी एका बाजूला की दोन्ही, केवढ्या, आणि मानेत किती खालपर्यंत, या तीन गोष्टींवर टप्पा आणि उपचार दोन्ही ठरतात. कंठमण्याच्या खाली, मानेच्या तळाशी काही नाही असं त्यांनी लिहिलंय. ही जमेची बाजू आहे.

इथे आपल्याकडची एक सवय सांगायला हवी. मानेत गाठ आली की घरची म्हातारी माणसं अवधाण म्हणतात, आणि ती टिकली की डॉक्टरांसकट सगळ्यांना आधी क्षयाची गंडमाळ आठवते. महाराष्ट्रात ते पुष्कळदा खरंही निघतं. पण तपासणीशिवाय क्षयाची औषधं सुरू करून सहा महिने वाट बघणं फार महागात पडतं. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी सुई घालून पाहिलं. त्यांचे आभार माना.

आता त्या बोटाच्या, कापसाच्या आणि जिभेच्या तपासणीकडे येते. तुम्हाला सर्वांत विचित्र तीच वाटली, आणि सर्वांत जास्त सांगण्यासारखंही तिच्याबद्दलच आहे.

त्या खळग्याच्या वर कवटीचा तळ आहे. तिथे हाडाला नैसर्गिक भोकं असतात, त्यांतून मेंदूच्या नसा चेहऱ्याकडे आणि गळ्याकडे जातात. आजार वर सरकला तर तो या भोकांजवळ पोचतो. एमआरआयमध्ये चित्र दिसतं, पण नस काम करते की नाही हे नसेलाच विचारावं लागतं. डॉक्टरांनी तेच केलं.

बोट डावीकडे-उजवीकडे नेलं तेव्हा ते डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेला विचारत होते. या आजारात ही नस लवकर सापडते. ती मंदावली की डोळा बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही आणि त्या बाजूला बघताना एकाचे दोन दिसतात. माझ्या शिंपीकाकांच्या दोन सुया त्या याच. कापसाची वात गालाला, ओठावर, हनुवटीला लावली ती पाचव्या नसेसाठी. डोळे मिटून “लागतंय का, दोन्हीकडे सारखंच का?” असं विचारतात. गाल बधिर होणं, वरच्या दातांत कारणाशिवाय कळ येणं, ही तिची भाषा. दुखऱ्या दातासाठी दोन दाढा काढून झाल्यावर आमच्याकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत. पापणी किंचित उतरली आहे का, बाहुली एका बाजूला बारीक आहे का, हे तर ते तुमच्याशी बोलता बोलताच बघून घेतात.

तोंड उघडून “आ” म्हणायला लावलं तेव्हा टाळूचे दोन्ही पडदे सारखे उचलले जातात का, हे पाहायचं होतं. एक बाजू लुळी असेल तर पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते. जीभ बाहेर काढली की ती उलट आजारी बाजूला वळते. खांदे उचलायला लावले ते अकराव्या नसेसाठी. आवाज घोगरा झालाय का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे प्रश्नही त्याच घरातले. तोंड पूर्ण उघडतं का, हे बोटं घालून मोजतात, कारण आजार बाजूला जबड्याच्या स्नायूंत शिरला तर दातखीळ बसल्यासारखं होतं.

एका बाजूचा बंद कान, त्याच बाजूचा न हलणारा टाळू आणि त्याच बाजूच्या चेहऱ्यात कळा, ही तीन लक्षणं एकत्र आली की नाकामागे बघा, हे विल्फ्रेड ट्रॉटर या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९११ साली लिहून ठेवलं. आजही विद्यार्थ्यांना त्याच्या नावाने ते शिकवतात. तुमच्या यजमानांच्या बाबतीत यांतलं पहिलंच आहे.

आणि आता केसपेपरवरची ती छोटी ओळ पुन्हा वाचा: ‘क्रेनियल नर्व्हज नॉर्मल’. त्या सगळ्या बोटाच्या आणि कापसाच्या खटाटोपाचं उत्तर या तीन शब्दांत आहे. त्या दिवशी विचारलेल्या प्रत्येक नसेने नीट उत्तर दिलं. कवटीच्या तळाला काहीच नाही, अशी खात्री यातून मिळत नाही, त्यासाठी एमआरआय लागेलच. पण नसा चालू असणं ही चांगली खूण आहे आणि ती तुम्ही मनाशी धरून ठेवायला हरकत नाही. शिवाय ही आजची नोंद उद्या कामाला येते. उपचारानंतर वर्षा-दोन वर्षांनी काही जाणवलं, तर ते नवीन की आधीपासूनचं, हे तिच्यावरूनच कळतं.

दुर्बिणीत ठळक गाठ दिसत नाही, तर तुकडा कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. हा आजार कधीकधी अस्तराच्या खाली वाढतो. वरून कातडं गुळगुळीत, गुलाबी, निरोगी दिसतं. एवढंच दिसतं की एका बाजूचा खळगा रिकामा, तर दुसरा भरून आलेला. लहानपणी तिथे ॲडेनॉइड असतात, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते बहुतेक आटलेले असतात. म्हणून दोन बाजूंतला फरक हाच पुरावा समजायचा. मानेत गाठ, त्याच बाजूच्या कानात पाणी आणि त्याच बाजूचा खळगा भरलेला, हे तिन्ही जुळल्यावर तुकडा न घेणं चूक ठरलं असतं. पहिल्या तुकड्यात काही आलं नाही तर खचू नका आणि सुटलो असंही समजू नका. एमआरआय बघून नेमक्या जागेवरून पुन्हा घ्यावा लागतो, असं घडतं.

दिरांचा जीव तुटतोय, म्हणून ते गाठ काढा म्हणतात. त्यांना माझ्याकडून एवढं सांगा: गाठ ही फांदी आहे, खोड नाकामागे असण्याची शक्यता आहे. मूळ शोधण्याआधी मान कापून गाठ काढली तर आजार त्या जखमेत पसरण्याचा धोका असतो आणि पुढचे उपचार अवघड होतात. म्हणून सुई चालते, चाकू टाळतात. नाकामागचा कर्करोग निघाला तर त्याचा मुख्य उपचार मुळात शस्त्रक्रिया नाहीच, रेडिएशन आहे. आजार अगदी सुरुवातीचा नसेल तर सोबत केमोथेरपी. रेडिएशन सहसा आठवड्यातून पाच दिवस, साधारण सात आठवडे चालतं. चेहरा कापावा लागेल या धास्तीने तुमच्या यजमानांची झोप उडाली असेल, तर त्यांना हे आजच सांगा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘अनडिफरन्शिएटेड’ हा शब्द आला तर तो वाचून घाबरू नका. इतर ठिकाणी तो शब्द वाईट असतो, पण इथे तो प्रकार रेडिएशनला चांगली दाद देतो.

सुपारीसुद्धा न खाणाऱ्या माणसाला हे कसं, याचं उत्तर मलाही रुग्णांच्या डोळ्यांत बघून द्यावं लागतं. आपल्याकडे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग तंबाखूने इतके होतात की मानेवरची प्रत्येक गाठ व्यसनाची शिक्षा वाटते. म्हणूनच डॉक्टरांनी यजमानांचे गाल, टॉन्सिल, जिभेचं मूळही बघितलं असेल. पण नाकामागच्या या आजाराचा नेहमीचा प्रकार एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूशी जोडलेला आहे. हा विषाणू १९६४ मध्ये सापडला. तो बहुतेक सगळ्यांना लहानपणी कधीतरी होऊन जातो, तुम्हाला आणि मलाही झाला असेल. त्यातल्या फारच थोड्यांना पुढे कर्करोग होतो आणि त्यात घराण्याचा वारसा व लहानपणापासूनचा आहार यांचाही वाटा असतो. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडाँग आणि हाँगकाँगकडे, हा आजार फार. तिथल्या खास पद्धतीने खारवलेल्या माशांचा त्याच्याशी संबंध सिद्ध झालाय. भारतात नागालँड, मणिपूर, मिझोराम या भागात तो जास्त दिसतो, महाराष्ट्रात विरळा. विरळा म्हणूनच तो उशिरा आठवतो. यजमानांनी काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा घरात कुणी ताट-वाटी वेगळी करू लागलं तर थांबवा.

पुढच्या आठवड्यात जाताना सुई-तपासणीच्या काचपट्ट्या तालुक्याच्या लॅबमधून मागून सोबत न्या, नुसता कागद नको. त्या काचपट्ट्यांवरही विषाणूची तपासणी कधीकधी करता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. तुकडा घेतल्यावर एक-दोन दिवस नाकातून थोडं रक्त येतं, नाक जोराने शिंकरू देऊ नका. भळभळ वाहिलं तर मात्र वाट बघू नका. निदान पक्कं झालं तर रेडिएशन सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणं सक्तीचं समजा. किडलेले दात आधी काढले नाहीत तर नंतर जबड्याच्या हाडाला त्रास होतो. कानाचा ऑडिओग्रामही आधीच करून घ्या, कारण रेडिएशन आणि केमोचं एक औषध, दोन्हींचा कानावर परिणाम होऊ शकतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, शेवटच्या दिवशी नको.

मधल्या दिवसांत एकाचे दोन दिसू लागले, गाल बधिर झाला, पाणी पिताना ठसके लागू लागले किंवा डोकेदुखीने रात्री जाग येऊ लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच डॉक्टरांकडे जा. त्यांच्याकडे पहिल्या दिवसाची नोंद आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, “यांना किती सांगू?” ताई, चाळीस मिनिटं ते त्या खुर्चीत बसले होते. बोटामागे डोळे त्यांनी फिरवले, कापूस त्यांच्या गालाला लागला. शिक्षक माणूस आहे, एवढं विचारलं जातंय म्हणजे काहीतरी मोठं शोधताहेत, हे त्यांनी ओळखलं असणार. न सांगता ते एकटेच विचार करत बसतील. माझं हे उत्तर त्यांना वाचायला द्या, किंवा तुम्हीच वाचून दाखवा. वाचताना उजव्या बाजूला बसा. सध्या त्यांना त्या कानाने नीट ऐकू येतं.